आठ सिलिंडरचा आवाज

दादरला एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात मी ऐकण्याच्या तपासण्या करते. भिंतींना आतून स्पंज लावलेली एक छोटी खोली आहे. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि काचेच्या अलीकडून एकेक सूर सोडत जायचं. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. जाड सुरांपासून बारीक सुरांपर्यंत असं करत गेलं की कागदावर एक रेघ उमटते. त्या माणसाला काय ऐकू येतं आणि काय येत नाही, ते त्या रेघेवरून कळतं.

परळ-लालबागच्या म्हाताऱ्यांची रेघ मला न बघता काढता येईल, इतकी ती सारखी असते. जाड आवाज बरे, बारीक आवाज गेलेले. गिरणीत लूमसमोर आयुष्य काढलेले कान. चार वर्षांपूर्वी लालबागहून एक सत्त्याहत्तर वर्षांचे गृहस्थ सुनेबरोबर आले. त्यांची रेघ मध्यावर येऊन कड्यावरून पडावी तशी खाली गेली, तेव्हा मी सवयीने विचारलं, "काका, कुठल्या गिरणीत होतात?"

"गिरणीत नाय," ते म्हणाले. "गिरगावात. गॅरेजमध्ये. अमेरिकन गाड्या."

सोळाव्या वर्षी मालवणकडून आले आणि गिरगावातल्या एका गॅरेजात लागले. परदेशी वकिलातींतले अधिकारी मायदेशी जाताना आपल्या मोठमोठ्या गाड्या इथेच विकून जात. त्या गाड्यांचं सगळं काम या गॅरेजात यायचं. चाळीसएक वर्षं त्यांचं डोकं त्या बॉनेटखाली होतं. गॅरेज बंद झालं, गाड्या गेल्या, तरी चाळीत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. मीही मग मिस्त्रीकाका म्हणायला लागले.

त्यांना कानात घालायची यंत्रं दिली. तिसऱ्या फेरीला ते तक्रार घेऊन आले. "यातून भांडी ऐकू येतात. शेजारणी ऐकू येतात. इंजिन कसं येतं ते कळत नाय."

पेशंटला ज्या आवाजाची सवय आहे तो ऐकवून यंत्र बसवायचं असतं, म्हणून मी फोनवर शोधायला घेतलं. काय टाकायचं ते त्यांनीच सांगितलं. अमेरिकेतला कुणी एक माणूस वर्षानुवर्षं बंद असलेल्या शेडचं दार उघडतो आणि आतली गाडी चालू करतो, असा व्हिडिओ निघाला. मी तो लावला.

तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं होतं, मोठा असेल. तो नुसता मोठा नव्हता. तो एकसारखा नव्हता. धडधडत चालता चालता मध्येच अडखळायचा, आता बंद पडणार असं वाटायचं, आणि पडायचा नाही. काकांनी डोळे मिटले होते.

"बिघडलंय का ते?" मी विचारलं.

"नाय गो बाय. ते तसंच. हळू चालायला बनवलेलंच नाय ते. उभं ठेवलं की वैतागतं."

पुढचा पेशंट बाहेर थांबला होता, म्हणून मी फोन ठेवला. पण संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये मी तोच व्हिडिओ पुन्हा लावला, आणि त्याच्या खालचा दुसरा, आणि तिसरा.

डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत आई आणि मी दोघीच. आई एका शाळेच्या कचेरीत होती, आता निवृत्त. घरात कुणी कधी गाडी घेतली नव्हती, चालवली नव्हती. पंधरा दिवसांत मला कळलं की असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात. मसल कार म्हणजे मधल्या आकाराची, दोन दारांची साधी गाडी, जिच्यात तिला न शोभणारं अवाढव्य इंजिन बसवलेलं असतं. साठच्या दशकात तिकडच्या तरुणांसाठी त्या काढल्या. वळणावर त्या नीट वळत नाहीत, ब्रेक बेताचे, पेट्रोल पाण्यासारखं पितात. सरळ रस्त्यावर मात्र त्यांना कुणी गाठू शकत नाही. इतक्या उघड उघड निरुपयोगी गोष्टीवर माझं मन का बसलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. सगळं मापात असलेल्या घरात मी वाढले. कदाचित त्यामुळे असेल.

आठ सिलिंडर कुठल्या क्रमाने पेटतात तो क्रम मी पाढ्यासारखा पाठ केला होता. एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन. कणीक मळताना माझ्या तोंडून तो ऐकून आई म्हणाली, "घरात सायकल नाही आणि ही सिलिंडर मोजते." पण तिने थांबवलं नाही.

मिस्त्रीकाका यंत्राच्या निमित्ताने येत राहिले. पाच मिनिटांचं काम असायचं, बसायचे अर्धा तास. मी प्रश्न विचारायचे, ते उत्तरं द्यायचे. एकदा मी म्हणाले, "काका, मी सगळं फोनवरच बघितलंय. खरी गाडी एकदाही नाही."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तुझे कान कसे आहेत?"

"चांगले आहेत. दर सहा महिन्यांनी स्वतःचे तपासते."

"मग एक काम हाय."

काम शिवाजी पार्कला होतं. मैदानाच्या अगदी समोर एक जुनी तीन मजली इमारत, तिच्या मागच्या अंगाला गॅरेज, आणि गॅरेजमध्ये चादरीखाली एक गाडी. गाडीची मालकीण ऐंशीच्या घरातल्या डॉक्टरबाई होत्या. एकट्या राहायच्या. त्यांच्या यजमानांनी ती गाडी तरुणपणी एका वकिलातीतल्या माणसाकडून घेतली होती आणि मिस्त्रीकाकांशिवाय कुणाला हात लावू दिला नव्हता. यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि गाडी तेव्हापासून बंद होती. आता इमारत पुनर्विकासाला गेली होती. चार महिन्यांत सगळ्यांनी जागा रिकाम्या करायच्या होत्या. कोल्हापूरचे एक हौशी गृहस्थ गाडी न्यायला तयार होते, पण चालू असली तर. नाहीतर भंगार.

बाईंनी काकांना दोनदा निरोप धाडला होता, आणि कान गेले म्हणून काकांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं. माझे कान बघून ते हो म्हणाले. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी, गॅरेजचं कुलूप काढताना सांगितलं.

चादर काढली. गडद हिरवा रंग, लांबच लांब नाक, मागे एकदम आखूड. चाकं बसलेली. स्टिअरिंग डाव्या बाजूला. गाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हौशी लोक कमी आहेत, लगेच ओळखतील. मी बॉनेटवर हात ठेवला आणि तो उचलवेना. काका म्हणाले, "रड नको. धूळ पूस."

पुढचे पाच रविवार आणि मधल्या कितीतरी संध्याकाळी मी तिथे होते. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला वार्निशचा वास येत होता. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडलं आणि चार दिवस तसंच ठेवलं. मग लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. आधी हलेना. काका दांड्यावर नुसते हात ठेवून उभे राहिले, जोर न लावता, आणि मग एकदम ते बोटभर सरकलं. कार्बोरेटर उघडून धुतला. रबराच्या नळ्या सगळ्या बदलल्या. चालू करण्याआधी काकांनी ड्रिलला एक सळई लावून तेलाचा पंप फिरवला, म्हणजे कोरडं इंजिन घासलं जाणार नाही. प्रत्येक गोष्ट ते मला करायला लावायचे आणि मी केलेलं स्वतः तपासायचे.

डॉक्टरबाई वरून चहाचा थर्मास पाठवायच्या. कधी स्वतः खाली येऊन खुर्चीवर बसायच्या. फार बोलायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "ह्यांना मी सांगायचे, विकून टाका. भांडणं व्हायची आमची हिच्यावरून. आता ती जाणार तर मला झोप येत नाही."

चौथ्या रविवारी गाडी चालू झाली. आधी नुसती खोकली, मग मागून काळा धूर सोडला, आणि मग तो आवाज. फोनमधला नव्हे. तो जमिनीतून पायात येत होता. गॅरेजच्या पत्र्याच्या दाराची कडी वाजत होती. काकांनी यंत्रं काढून खिशात ठेवली होती, कारण एवढ्या आवाजात ती शिट्ट्या मारत. त्यांनी दोन्ही तळवे फेंडरवर, पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, ठेवले होते आणि ते हसत होते.

आता माझं काम सुरू झालं. इंजिनच्या वरच्या भागात सोळा टॅपेट, म्हणजे झडपा उघडणारे खटके, असतात. प्रत्येकाची फट केसाइतकी, पण नेमकी लागते. सैल असला की तो टिकटिकतो, आणि तो आवाज बारीक असतो. नेमका काकांच्या रेघेवरून पडून गेलेला. त्यांनी मला एक लांब स्क्रूड्रायव्हर दिला. टोक इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर. रोज मी पेशंटच्या ज्या हाडावर कंपनाचं यंत्र बसवते, तेच हाड. मी ऐकायचे, बोटाने दाखवायचे. काका पाना फिरवायचे.

"गेला?"

"थोडा आहे."

"आता?"

"गेला."

सोळाही झाले तेव्हा अंगभर तेलाचे शिंतोडे होते. इतकी उपयोगी मी आधी कधीच कुणाच्या पडले नव्हते.

कोल्हापूरचे गृहस्थ रविवारी सकाळी येणार होते. त्याआधीच्या शुक्रवारी, संध्याकाळी, आम्ही शेवटचं बघून घेत होतो. इंजिन चांगलं गरम झालं होतं. काकांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि सोडला. सोडल्यावर, आवाज खाली येताना, मला काहीतरी ऐकू आलं. वरून नव्हे, खालून. बोथट ठोका. कुणी बंद दारावर आतून बोटांच्या पेरांनी वाजवावं तसा. तीन-चारदा, आणि गेला. त्यांनी पुन्हा दाबलं, सोडलं. पुन्हा तेच.

"काय?" काकांनी विचारलं. "वर काय ऐकू येतंय?"

"वरचं सगळं ठीक आहे," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. त्यांनी वरचंच विचारलं होतं. खालचा आवाज जाड आहे, तो त्यांना येतच असेल, येत असूनही ते काही म्हणत नाहीत म्हणजे तो तसाच असतो, असं मी स्वतःला सांगितलं. सहा महिन्यांपूर्वी मला सिलिंडर म्हणजे फक्त गॅसचा माहीत होता. मी कोण सांगणार?

पण मला माहीत होतं. दवाखान्यात रोज चार-पाच कुटुंबांना मी हेच समजावते, की कमी ऐकू येणं म्हणजे नुसतं हळू ऐकू येणं नाही. अशा माणसाला शांत खोलीत जे ऐकू येतं ते गोंगाटात येत नाही. एका आवाजातून दुसरा आवाज वेगळा काढण्याची ताकदच गेलेली असते. म्हणजे तो ठोका त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि हे त्या गॅरेजमध्ये फक्त मलाच ठाऊक होतं. रविवार दोन दिवसांवर होता. बाईंचं अर्धं सामान बांधून झालं होतं. आणि काकांनी मला कबूल केलं होतं की रविवारी पार्काची फेरी मारताना शेजारच्या सीटवर मी असेन. हे शेवटचं कारण लिहायला मला साडेतीन वर्षं लागली.

रविवारी सकाळी साडेसहाला गाडी फाटकातून बाहेर आली. कोल्हापूरचे गृहस्थ मैदानाच्या कट्ट्यापाशी उभे राहिले, त्यांना ती बाहेरून जाताना बघायची होती. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. चालायला आलेली माणसं थांबून बघत होती. क्रिकेटच्या नेटमधल्या मुलांनी खेळ थांबवला. एक फेरी झाली. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "कशी हाय?" आणि मी म्हणाले, "काका, स्वर्ग आहे."

दुसऱ्या फेरीत सरळ रस्ता मोकळा दिसला आणि त्यांनी थोडंसं जास्त दाबलं. फार नाही. गाडी पुढे झेपावली, माझी पाठ सीटला लागली. मग त्यांनी पाय काढला आणि तो ठोका आला. आता तो बोथट नव्हता. चार-पाच ठोके, मग घण मारल्यासारखा एक आवाज, आणि मग काहीच नाही. गाडी तशीच सरपटत जाऊन फुटपाथपाशी थांबली. खालून धूर येत होता. रस्त्यावर तेलाचा काळा पट्टा पडला होता.

काका उतरले. वाकून खाली बघितलं. मला म्हणाले, "माती आण."

"काय?"

"माती. मैदानातून. लवकर."

मी ओढणीत लाल माती भरून आणली. ते गुडघ्यांवर बसून तेलावर ती पसरायला लागले. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या काळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, "आजोबा, आधी गाडी बघा."

"गाडी गेली," काका म्हणाले. "मागून स्कूटर येईल, ती घसरेल."

मी चार खेपा माती आणली. मग दहा-बारा लोकांनी गाडी ढकलत परत आणली. डॉक्टरबाई फाटकात उभ्या होत्या. "कुणाला लागलं नाही ना?" एवढंच त्यांनी विचारलं. कोल्हापूरच्या गृहस्थांनी खाली वाकून इंजिनला पडलेलं भोक बघितलं. ते सभ्य माणूस होते, रागावले नाहीत. विचार करून कळवतो म्हणाले.

काका बाईंसमोर हात जोडून उभे राहिले. "बाईसाहेब, चूक माझी. ज्याला ऐकू येत नाय त्याने हात घालायला नको होता."

मी दोन हात अंतरावर उभी होते. ओढणी लाल झाली होती. मी काही बोलले नाही.

तीन आठवड्यांनी त्यांच्या सुनेचा दवाखान्यात फोन आला. बाबांनी यंत्रं कपाटात ठेवून दिलीत, म्हणाली. हत्यारांची पेटी परळच्या एका गॅरेजवाल्याला देऊन टाकली. खाली उतरत नाहीत. जो येईल त्याला सांगतात, माझ्या कानांनी बाईंची गाडी मारली. "तुम्ही एकदा या. तुमचं ऐकतात ते."

मी गेले. लालबागला त्यांच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीतच खुर्ची टाकून ते बसले होते. दुपारची वेळ होती. खाली मसाल्याच्या डंकावर मिरची कुटत होते, हवेत तिखट होतं. शेजारच्या दोघी तांदूळ निवडत होत्या. मी स्टुलावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "काका, चूक तुमची नव्हती. शुक्रवारी मला आवाज आला होता."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

"काय म्हणतेस? मोठ्याने बोल."

बहिऱ्या माणसापाशी गुपचूप काही कबूल करता येत नाही. मी ओरडले, "शुक्रवारी मला इंजिनातून आवाज आला होता! खालून! मी तुम्हाला सांगितलं नाही!"

तांदूळ निवडणारे हात थांबले. सून आतून दारात आली. पलीकडच्या खोलीतलं कुणीतरी गॅलरीत डोकावलं. काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग सुनेला म्हणाले, "माझी मशिनं आण."

तिने यंत्रं आणून दिली. त्यांनी ती सावकाश कानांत बसवली. "हां. आता नीट सांग."

मी नीट सांगितलं.

"दाबल्यावर येत होता की सोडल्यावर?"

"सोडल्यावर."

"थंड असताना?"

"नाही. गरम झाल्यावर."

"कसा? वाजवून दाखव."

मी स्टुलाच्या फळीवर पेरांनी वाजवून दाखवलं. त्यांनी दोनदा वाजवायला लावलं. मग ते खाली रस्त्याकडे वळले.

"शुक्रवार ते रविवार," ते म्हणाले. "दीड दिवस होता. इंजिनचा तळ काढून बेअरिंग बघायला दीड दिवस पुष्कळ झाला. तुझे कान बघून मी हो म्हटलेलं, गो. नायतर मी नाय म्हटलेलं दोनदा." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी तिकडे बाईसमोर हात जोडले तेव्हा तू बाजूला उभी होतीस."

"हो."

"ऊठ. जा आता."

मी उठले. जिन्यापर्यंतची ती गॅलरी मला फार लांब वाटली. सगळ्यांनी ऐकलं होतं. घरी येऊन आईला सांगितलं, तेव्हा तिने समजूत घातली नाही. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाली, "पण उशीर केलास." आणि ताट वाढलं.

पंधरा दिवस काही कळलं नाही. यंत्रांची तपासणी करायला ते आले नाहीत. मग एका रविवारी सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. "मिस्त्री आले आहेत. इंजिन उघडतायत. तुला बोलावलंय."

मी पोचले तेव्हा गाडी ठोकळ्यांवर चढवलेली होती आणि काका शेजारी चटईवर बसले होते. हत्यारांची पेटी त्यांनी परळहून परत आणली होती. कानात यंत्रं होती. मला बघून त्यांनी पाना पुढे केला. मी गाडीखाली सरकले. तळाचे बोल्ट एकेक करून काढले. तळ खाली आला तसे त्याच्यासोबत लोखंडाचे तुकडे आले. ज्या दांड्याने पिस्टन खालच्या क्रँकला जोडलेला असतो, तो दांडा मधोमध तुटला होता आणि त्यानेच इंजिनची भिंत फोडली होती. बेअरिंगची पत्री उष्णतेने निळी पडून कागदासारखी पातळ झाली होती. काकांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.

"बघून ठेव. हा आवाज कुठून येतो ते."

मी विचारलं, "शुक्रवारी उघडलं असतं तर?"

"वाचलं असतं," ते म्हणाले.

मग त्यांनी फडक्याने हात पुसले. ते दुसरीकडे बघत म्हणाले, "तेलाच्या दाबाचा काटा खाली येत होता. मी बघितला होता. गरम झाल्यावर थोडा येतोच म्हणून सोडला. मला पण चालवायची होती ती." मग म्हणाले, "पण त्याने तुझं कमी होत नाय."

"नाही," मी म्हणाले.

बाई खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्या उठल्या आणि वर गेल्या. थोड्या वेळाने नेहमीचा थर्मास आला, तीन कपांसह.

कोल्हापूरच्या गृहस्थांनी शेवटी गाडी इंजिनाशिवाय नेली. ट्रक आला त्या दिवशी मी अर्धी रजा घेतली होती. चार माणसांनी फळ्यांवरून ती वर चढवली, तोंडाला बॉनेट दोरीने बांधलेलं. आत नुसता पोकळ खड्डा होता. बाईंनी मागच्या काचेवर एकदा हात फिरवला. महिन्याभराने त्या बोरिवलीला भाचीकडे राहायला गेल्या, आणि इमारतीभोवती निळे पत्रे लागले.

काकांनी मला माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि मी विचारलंही नाही. पण पेटी त्यांनी पुन्हा कुणाला दिली नाही. परळच्या त्या गॅरेजवाल्याकडे जुन्या गाड्या अधूनमधून येतात. अमेरिकन क्वचितच, बहुतेक आपल्या इथल्याच. रविवारी काका तिथे जायला लागले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रविवारपासून मीही. मी काय ऐकलं ते आता ते एकदा विचारून थांबत नाहीत. "वर काय? खाली काय? मागे काय? आणि जे कळत नाय ते काय?" असं चारदा विचारतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जड जातं. गॅरेजमध्ये लोक हसतात, पण ते चार प्रश्न मला विचारल्याशिवाय इंजिन बंद करत नाहीत. आता ते एक्क्याऐंशीचे झाले. गेल्या पावसाळ्यापासून जिना उतरवत नाही, म्हणून मीच रविवारी जाऊन आले की संध्याकाळी लालबागला त्यांच्याकडे डोकावते आणि काय काम झालं ते सांगते.

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून एक व्हिडिओ आला. त्या गृहस्थांनी कुठूनतरी तशाच जातीचं दुसरं इंजिन मिळवलं होतं आणि तीन वर्षं खपून ते बसवलं होतं. उसाच्या शेतांमधल्या सरळ रस्त्यावर हिरवी गाडी उभी होती, आणि चालू होती. मी तो व्हिडिओ घेऊन लालबागला गेले. फोन काकांच्या यंत्रांना जोडला. त्यांनी तो दोनदा बघितला, गाडी जवळ येते तिथे थांबवून पुन्हा बघितला.

"उजवं दार नीट बसत नाय," ते म्हणाले.

"आणि आवाज?"

"तो तू सांग."

मी इअरफोन लावून तीनदा ऐकला. "एक टॅपेट सैल असावा. मागच्या बाजूचा. व्हिडिओवरून नक्की सांगता येणार नाही."

"मग त्याला कळव."

"काका, तीन वर्षं खपलेत ते. आज आनंदात आहेत. आणि माझी चूकही असेल."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

मी तिथूनच, गॅलरीत उभी राहून, कोल्हापूरला फोन लावला. आधी अभिनंदन केलं, मग सांगितलं. मग ते गृहस्थ म्हणाले, आमच्या मेकॅनिकला तर काही ऐकू आलं नाही, पण तुम्ही म्हणताय तर दाखवतो. त्यांनी दाखवलं की नाही, आणि टॅपेट खरोखर सैल होता की नाही, मला अजून कळलेलं नाही.